निकालपत्रांतील इंग्रजी शब्द वाचताना कळतात, पण लिहिताना चुकतात : मदत हवी आहे

नमस्कार.

मी पुण्यात तीन वर्षांच्या एलएल.बी. अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे बारावीपर्यंतचे शिक्षण परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मराठी माध्यमातून झाले आणि बी.ए.देखील मी मराठीतूनच केले. आमच्या परीक्षेत मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा आहे, आणि तालुका व जिल्हा न्यायालयांत मराठीतून काम चालते हेही मला ठाऊक आहे. परंतु संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च न्यायालयाचे आणि उच्च न्यायालयांचे कामकाज सर्वसाधारणपणे इंग्रजीतूनच होते, आणि मला पुढे उच्च न्यायालयातच वकिली करायची आहे. पक्षकाराची बाजू मांडताना माझ्या शब्दांमुळे त्याचे नुकसान होऊ नये, एवढ्यासाठी मला इंग्रजीवर हुकमत मिळवायची आहे.

साधे इंग्रजी मला अडत नाही. वर्तमानपत्राचा अग्रलेख मी शब्दकोश न उघडता वाचू शकते. अडचण येते ती त्याच्या पुढच्या पायरीवर, म्हणजे निकालपत्रांत, टीकाग्रंथांत आणि कायद्याच्या नियतकालिकांत जे शब्द येतात ते स्वतःच्या लेखनात वापरताना.

पहिल्या वर्षी मी स्पर्धा परीक्षांसाठी मिळणारे एक शब्दांचे पुस्तक घेतले आणि रोज वीस शब्द पाठ करू लागले. महिन्याभराने मागचे शब्द विसरत चालल्याचे लक्षात आले, तेव्हा मी कार्डे तयार केली. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ, आणि पाच कप्प्यांची पेटी. आठवलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते व उशिरा परत येते, न आठवलेले पहिल्या कप्प्यात येते व दुसऱ्याच दिवशी भेटते. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली मांडली, आणि मोबाइलवरील अंकी हे ॲपही अंतर वाढवत नेण्याच्या याच तत्त्वावर चालते. पाठांतरापुरती ती खरोखर उपयोगी आहे, हे मी अनुभवाने सांगते; आज माझ्याकडे सुमारे अठराशे कार्डे आहेत आणि त्यांतील बहुतेक शब्दांचे अर्थ मी झोपेतून उठवले तरी सांगू शकेन.

त्यानंतर मला ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० साली प्रसिद्ध झालेली विद्यापीठीय शब्दांची यादी मिळाली. त्यात ५७० शब्दकुळे (एक मूळ शब्द आणि त्याची रूपे) आहेत, आणि ती ज्या ग्रंथांवरून निवडली गेली त्यांत कला, वाणिज्य आणि विज्ञान यांच्याबरोबर कायदा हाही विषय होता, म्हणून मी ती मोठ्या आशेने घेतली. यादी संपवताना जाणवले की त्यातले बहुतेक शब्द मला आधीपासूनच ‘येत’ होते. इन्फर, इम्प्लाय, अल्बीट, नॉटविथस्टँडिंग, सगळ्यांचे अर्थ पाठ होते. तरी मागील सहा महिन्यांत लिहिलेले माझे कागद काढून पाहिले, तर त्यांतला क्वचितच एखादा शब्द त्यांत सापडला, आणि जे सापडले त्यांतले कित्येक चुकीच्या जागी होते.

काही चुका सविस्तर सांगते, कारण त्यांवरूनच माझी अडचण नेमकी कळेल.

मूट कोर्टाच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावासाठीच्या अभिरूप न्यायालयाच्या, लेखी युक्तिवादात मी एका समाजसुधारकाच्या कार्याला ‘इग्रीजस’ योगदान म्हटले. माझ्या कार्डावर ‘असामान्य, ठळक’ असा अर्थ होता. परीक्षकांनी समासात लिहिले की हा शब्द केवळ घोर चुकीसाठी किंवा अन्यायासाठी वापरतात. घरी येऊन मी व्युत्पत्ती पाहिली. लॅटिनमध्ये ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप, आणि ‘इग्रीजस’ म्हणजे कळपातून उठून दिसणारा. पूर्वी इंग्रजीतही तो स्तुतीचाच शब्द होता, पुढे उलटला. त्याच कळपातून ॲग्रिगेट, सेग्रिगेट, काँग्रिगेशन आणि ग्रिगेरियस हे शब्द निघाले आहेत, हे कळल्यावर पाचही शब्द मनात कायमचे बसले. तरीही व्युत्पत्तीने मला शब्दाचा इतिहास सांगितला, आज तो कोणत्या तोंडाने उच्चारला जातो ते सांगितले नाही.

दुसरी चूक ‘मिटिगेट’ या शब्दाची. बच्चन सिंग खटल्याच्या १९८० च्या निकालात फाशीच्या शिक्षेचा विचार करताना गुन्ह्याचे गांभीर्य वाढवणाऱ्या आणि ते सौम्य करणाऱ्या परिस्थितींची चर्चा आहे, ती मी दोनदा वाचली होती. असे असूनही ‘न्यायालयाने आरोपीला मिटिगेट करावे’ अशा अर्थाचे वाक्य मी लिहून बसले. मिटिगेट होते ती शिक्षा, हानी किंवा तीव्रता, माणूस नव्हे. त्याच कागदात मी निर्दोष सुटलेल्या आरोपीसाठी ‘अक्विटेड फ्रॉम’ असे लिहिले होते, कारण मराठीत आपण आरोपा‘तून’ मुक्त होतो. इंग्रजीत मात्र तिथे ‘ऑफ’ येते.

सर्वांत जास्त गोंधळ ‘रद्द करणे’ या अर्थाच्या शब्दांत होतो. रिपील, रिसिंड, क्वॉश, रिव्हर्स, ओव्हररूल, सेट असाइड, स्ट्राइक डाउन अशी सात कार्डे माझ्याकडे आहेत आणि सातही कार्डांच्या मागे मी ‘रद्द करणे’ असेच लिहिले आहे. पेटीच्या हिशेबाने हे सातही शब्द शेवटच्या कप्प्यात पोहोचले आहेत, म्हणजे ते मला पक्के येतात. प्रत्यक्षात त्यांतला कुठला कुठे लिहावा हे मला सांगता येत नाही.

उच्चाराचाही एक प्रसंग सांगते. ‘आव्हान दिलेला आदेश’ या अर्थाचा ‘इम्प्यून्ड’ हा शब्द मी शेकडो वेळा वाचला होता. तोंडी युक्तिवादात तो मी ‘इम्पग्न्ड’ असा उच्चारला आणि समोरच्या बाकावरून दबलेले हसू ऐकू आले. त्यातला ‘ग’ मुका आहे हे मला कुणी सांगितलेच नव्हते, आणि केवळ डोळ्यांनी शिकलेल्या शब्दांत असे आणखी किती असतील याची तेव्हापासून धास्ती वाटते.

माझी विचारणा अशी आहे. ओळखीचा झालेला शब्द हाताखालचा कसा करावा? कार्डांची पद्धत सोडावी, की कार्डांवर लिहायचा मजकूर बदलावा? निकालपत्रे वाचायची तर कोणती आणि किती, आणि वाचताना नेमके काय टिपायचे? मला महाविद्यालय आणि दुपारची नोकरी सांभाळून रोज जेमतेम दीड तास मिळतो, हे लक्षात घेऊन आपण मार्गदर्शन केले तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १

मीही मराठी माध्यमाचा आहे आणि गेली अनेक वर्षे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात वकिली करतो. तुमची सात कार्डांची अडचण मी नेमकी ओळखतो, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

तुम्ही शब्द एकेकटे पाठ केले आहेत, आणि क्रियापद कधी एकटे राहत नाही. मराठीत साक्ष नोंदवली जाते, पुरावा सादर होतो, आरोप ठेवला जातो, अर्ज फेटाळला जातो, गुन्हा शाबीत होतो. यातले काहीही आपण यादी करून शिकलो नाही; कोर्टाच्या बातम्या वाचून आणि घरातल्या जमिनीच्या दाव्याबद्दल मोठ्यांचे बोलणे ऐकून या जोड्या कानात बसल्या. इंग्रजीत तुम्हाला त्या डोळसपणे जमवाव्या लागतील. म्हणून प्रत्येक कार्डावर शब्दाऐवजी जोडी लिहा, आणि शक्य असेल तिथे तुम्हाला आधीच ठाऊक असलेली एक घटना तिच्याशी बांधा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवले, तेव्हा ते ‘स्ट्राइक डाउन’ झाले. तीन कृषी कायदे २०२१ मध्ये संसदेने मागे घेतले, ते ‘रिपील’. खासगीपणाच्या हक्काबाबत २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आधीच्या निकालांतील विरुद्ध भूमिका मोडीत काढली, ते ‘ओव्हररूल’. एखाद्या खटल्याच्या अपिलात वरच्या न्यायालयाने त्याच खटल्यातला खालचा निकाल फिरवला, तर ते ‘रिव्हर्स’. करार ‘रिसिंड’ होतो. रद्द कोण करतो आणि काय करतो, हे दोन प्रश्न विचारलेत की शब्द बहुधा आपोआप हाती येतो.

वाचनासाठी केशवानंद भारतीपासून सुरुवात करू नका. १९७३ च्या त्या निकालात तेरा न्यायमूर्ती आणि अकरा स्वतंत्र निकालपत्रे आहेत. अभ्यास म्हणून ते थोर आहे, शब्द शिकण्यासाठी मात्र त्यात बुडायला होते. माझे मत असे की उच्च न्यायालयाचे जामीन अर्जांवरील आदेश घ्या. ते अनेकदा चार-पाच पानांचे असतात, आणि तेच शब्द, तीच वाक्यरचना प्रत्येक आदेशात थोड्या फरकाने परत येते, त्यामुळे उजळणीसाठी वेगळ्या पेटीची गरज फारशी उरत नाही. पहिल्या वाचनात प्रकरण समजून घ्या. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन फक्त क्रियापद आणि त्याचे कर्म, आणि मागून येणारे ऑफ, विथ, टू यांसारखे छोटे शब्द अधोरेखित करा. ‘चार्ज्ड विथ’, ‘अक्विटेड ऑफ’, ‘सेन्टेन्स्ड टू’ या जोड्या अशाच हाताला लागतील. तिसऱ्यांदा तो आदेश मोठ्याने वाचा आणि शंका आलेल्या प्रत्येक शब्दाचा उच्चार शब्दकोशाच्या संकेतस्थळावर ऐका. ‘सबपीना’मधला ‘ब’ बहुधा उच्चारत नाहीत, आणि ‘इंडाइटमेंट’मधला ‘क’ व ‘प्युनी जज’मधला ‘स’ मुका आहे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. हसणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते शब्द आधी कुणाच्या तरी तोंडून ऐकलेले असतात, एवढाच फरक.

आणि पुढील सहा महिने नवे कार्ड करू नका, ही कळकळीची विनंती.

प्रतिसाद २

मी कायदेविषयक अनुवाद करते. वकीलसाहेबांचे म्हणणे मला पटते. त्यात एका गोष्टीची भर घालते, कारण तुमच्या हाताशी असलेले एक साधन तुमच्या लक्षात आलेले नाही असे वाटते.

तुमचे मराठी पक्के आहे. त्याचाच पूल करा. संविधानाची उद्देशिका तुम्हाला शाळेपासून मराठीत पाठ असेल. आता तिचा इंग्रजी पाठ शेजारी ठेवून बसा. मराठीत जिथे ‘संकल्पपूर्वक निर्धार करून’ आहे, तिथे इंग्रजीत ‘सॉलेम्नली रिझॉल्व्ड’ आहे. जिथे न्याय, स्वातंत्र्य आणि समानता ‘निश्चितपणे प्राप्त करून देण्याचा’ असे आहे, तिथे इंग्रजीत एकच शब्द आहे, ‘सिक्युअर’. तुमच्या कार्डावर त्याचा अर्थ बहुधा ‘सुरक्षित’ एवढाच असेल. इंग्रजीचे खरे अवघडपण मला दुर्मीळ शब्दांपेक्षा अशा परिचित शब्दांत दिसत आले आहे. ‘विदाउट प्रेज्युडिस टू’ यात पूर्वग्रहाचा काही संबंध नसतो. मराठी अधिनियमांत तिथे ‘बाध न येता’ असे असते. ‘सँक्शन’ म्हणजे लोकसेवकावर खटला भरण्यासाठी लागणारी मंजुरी, आणि ‘सँक्शन’ म्हणजेच एखाद्या देशावर लादलेले निर्बंधही. तुम्ही म्हणता ते ‘नॉटविथस्टँडिंग’ मराठी अधिनियमात ‘काहीही अंतर्भूत असले तरी’ या रूपात भेटते, आणि एकदा तसे भेटल्यावर त्याची वाक्यातली जागा चुकत नाही. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ ठेवा. त्यात प्रतिशब्दांमधील फरक बराच कळतो.

सराव असा करा. इंग्रजी आदेशातील एक परिच्छेद मराठीत उतरवा आणि मूळ मिटून ठेवा. दोन दिवसांनी फक्त आपल्या मराठीवरून तो पुन्हा इंग्रजीत लिहा, मग मूळ उघडून ओळीला ओळ लावा. जिथे तुमचा शब्द आणि न्यायमूर्तींचा शब्द वेगळा पडला असेल, तेवढ्याच जागेचे कार्ड करा. दीड तासात आठवड्याला असे तीन परिच्छेद सहज होतात, आणि तिन्हींतून मिळून दहा-बारा कार्डे निघाली तरी ती तुमच्या स्वतःच्या चुकांची असतील.

धागाकर्ती

वकीलसाहेब, ताई, दोघांचेही मनापासून आभार. ‘आरोप ठेवला जातो’ ही जोडी मला कुणी कधी शिकवली नव्हती, ही गोष्ट वाचून मी बराच वेळ थांबले होते.

दहा दिवसांत मी चार जामीन आदेश वाचले आणि दोन परिच्छेद उलटसुलट उतरवून पाहिले. पहिल्या परिच्छेदात माझ्या आणि मूळच्या शब्दांत चौदा ठिकाणी फरक पडला. त्यांतल्या नऊ ठिकाणी अवघड शब्द नव्हतेच; ऑफ, टू, अंडर असे छोटे शब्द होते. सात कार्डे मी फाडून टाकली आणि त्यांच्या जागी एका मोठ्या पानावर ‘कोणी, काय’ असा तक्ता केला. सहा रकाने भरले. एक मात्र अजून नीट भरता येत नाही. ‘क्वॉश’ आणि ‘सेट असाइड’ हे दोन्ही मला आदेशाच्याच बाबतीत दिसले, एका ठिकाणी तर दोन्ही शब्द शेजारी शेजारी होते. मग यांत फरक कसा करायचा?

प्रतिसाद ३ (प्रतिसाद १ देणारे)

प्रश्न योग्य आहे, कारण या दोघांच्या सीमा खरोखरच एकमेकींत मिसळतात, आणि रिट याचिकेच्या प्रार्थनेत आम्ही स्वतः ‘क्वॉश अँड सेट असाइड’ असे जोडूनच लिहितो. तरीही एक खूण सांगतो. प्रथम माहिती अहवाल किंवा आरोपपत्र, म्हणजे जी कार्यवाही चालूच राहू नये असे आपले म्हणणे असते, ती ‘क्वॉश’ होते; त्यासाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली जात असू, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली जातो. अपिलात किंवा पुनरीक्षणात खालच्या न्यायालयाचा आदेश बाजूला सारला जातो, तेव्हा ‘सेट असाइड’ हा शब्द अधिक रुळलेला आहे. प्रथम माहिती अहवाल ‘सेट असाइड’ केला असे सहसा कुणी लिहीत नाही. तक्त्यात पहिल्या रकान्यात कार्यवाही लिहा, दुसऱ्यात आदेश लिहा, आणि मधली रेघ तुटक काढा.