शेवभाजीच्या पार्सलला प्लास्टिक सोडून काय वापरावं? तर्री कशातच टिकत नाही

अमळनेरकर:
राम राम मंडळी. माझं छोटं हॉटेल आहे, शेवभाजी, फौजदारी डाळ आणि थंडीत भरीत-कळण्याची भाकरी. निम्मा धंदा पार्सलचा. रस्सा सिल्व्हर पाऊचमध्ये आणि बाकी काळ्या डब्यात देतो, पण गावाबाहेर उकिरड्यावर आपलेच डबे दिसायला लागले म्हणून उसाच्या चिपाडाचे डबे आणून बघितले. गरम तर्री टाकली की थोड्या वेळात बूड मऊ पडतं, तेल पिशवीत. कोणी वेगळं काही करतंय का?

चटईवाला_जळगाव:
भाऊ, आधी सिल्व्हर पाऊच बंद करा. त्यात प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर असे चिकटलेले असतात की सुटे होत नाहीत, भंगारवाला हात पण लावत नाही. काळ्या डब्याला पण भाव नाही, कारण काळा माल पुन्हा काळाच होतो, दुसरा रंग चढत नाही. इथे एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटईला पीपी (पॉलिप्रॉपिलीन) लागतं, तळाला त्रिकोणात 5 असतो तो. पारदर्शक, डबा-झाकण एकाच मालाचं आणि धुतलेलं असेल तर त्याचं काहीतरी होतं, तेलकट तसाच ओल्या कचऱ्यात गेला की संपलं.

धुळे_बायपास:
सल्ला बरोबर, पण कायदा पण बघा. राज्याच्या मार्च 2018 च्या अधिसूचनेत थर्माकोलसोबत हॉटेलच्या पार्सलचे एकदा वापरून टाकायचे प्लास्टिक डबे-वाट्या पण होत्या. दंड पहिल्यांदा 5,000, मग 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिने कैद. नंतर नियमांत बदल झालेत, म्हणून नगरपालिकेत विचारूनच माल भरा. आणि 'कंपोस्टेबल' म्हणून कोणी काही विकलं तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सर्टिफिकेट मागा. मक्याच्या स्टार्चपासून करतात ते पीएलए नावाचं प्लास्टिक घरच्या खड्ड्यात लवकर कुजत नाही, साठेक अंश उष्णता लागते. कागदी डब्याला आतून बहुतेक वेळा प्लास्टिकचा पातळ थर असतोच, त्यामुळे कागद दिसला म्हणून खूश होऊ नका.

केळीबाग_रावेर:
सगळ्याला एकच डबा शोधताय तिथेच घोळ आहे. भरीत कोरडं, ते चिपाडाच्या डब्यात आत केळीचं पान टाकून द्या, तेल पान अडवतं. पान आधी विस्तवावर जरा शेकून घ्या म्हणजे दुमडताना फाटत नाही. आपल्याकडे पानांना काय तोटा, फक्त वाऱ्याने चिरलेली घेऊ नका. भाकरी साध्या कोऱ्या कागदात. पेपरच्या रद्दीत नको, शाई उतरते आणि एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची) पण मनाई आहे. शेव तर वेगळीच द्या, नाहीतर घरी जाईपर्यंत तिचा लगदा.

भुसावळी_भाऊ:
आन रस्सा? त्याले स्टीलचाच डबा, दुसरं काय सांगू तुले! रोजचं गिऱ्हाईक घरून डबा आणतं, त्याला मूठभर शेव जास्त टाका, बघा कसं आठवणीने आणतात. ज्याच्याकडे नाही त्याच्याकडून डबा-अनामत घ्या, परत केला की पैसे परत. हायवेच्या गिऱ्हाइकाचं मात्र हे चालत नाही, तो कशाला परत येतोय.

अमळनेरकर:
हायवेवाल्यांना अ‍ॅल्युमिनियमचा डबा दिला तर?

चटईवाला_जळगाव:
चालेल, भंगारात विकला जातो आणि कितीही वेळा वितळवता येतो. झाकण बघून घ्या, त्याचा पुठ्ठा कोटिंगवाला असतो, तो वेगळा टाकायला सांगा. टोमॅटो-चिंचेचं आंबट काही त्यात जास्त वेळ ठेवू नका. बाकी किलोच्या भावाने डबे कुठे मिळतील ते जळगावच्या गोलाणी मार्केटात चौकशी करून सांगतो.