एफएलपी बॉक्समध्ये पावसाचं पाणी: सिलिकॉन मारू का?

दिंडोरीचा_वायरमन:
दिंडोरीकडे एका ब्रँडीच्या प्लांटवर इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. स्पिरिटच्या टाक्यांजवळ, झोन १ मध्ये (म्हणजे नेहमीच्या कामातही पेटणारी वाफ अधूनमधून असू शकते अशा जागी), केबली जोडायचा एक एफएलपी म्हणजे फ्लेमप्रूफ जंक्शन बॉक्स आहे. प्लेटवर एक्स डी (फ्लेमप्रूफ), टू बी (वायूचा गट), टी ६ (तापमानाचा वर्ग). जुलै लागला की दर मोठ्या पावसानंतर आत पाणी. परवा उघडला तर तळाला वाटीभर पाणी आणि टर्मिनलांवर हिरवा थर. ठेकेदार म्हणतो, झाकणाखाली तीन एमएमची रबरपट्टी टाकू आणि वरून सिलिकॉन फिरवू, थेंब जाणार नाही. मॅनेजरसाहेब खूश. म्हणाले, पाणी जाणार नाही तर स्पिरिटची वाफ तरी कशी जाईल! मला खटकतंय, पण का ते त्यांना सांगता येईना.

अंबडचा_राजा:
मारा बिनधास्त. आमच्याकडे दहा वर्षं मारतोय, काही झालं नाही.

सातपूर_रिटायर्ड:
राजाभाऊ, दहा वर्षांत वाफ आणि ठिणगी एका वेळी आत आली नाही, एवढंच.

वायरमनदादा, साहेबांचा घोळ वाफेपाशी आहे. एफएलपी बॉक्स वाफ अडवायला नसतोच. दिवसा तापतो, रात्री गार होतो, त्यात बाहेरची हवा आत ओढतोच. शुद्ध इथेनॉलचा, म्हणजे स्पिरिटमधल्या अल्कोहोलचा, फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेटू शकते तो) साधारण १३ अंश, नाशकातली पावसाळी रात्रही त्यापेक्षा गरम. आत स्फोट होणार हे धरूनच बॉक्स एवढा जाड ओततात. खरं काम झाकण आणि बॉडी यांच्यातला मशिन केलेला काठ करतो. पेटलेला वायू त्या फटीतून बाहेर पडेपर्यंत एवढा गार होतो की बाहेरची वाफ पेटत नाही. ही फट मिलिमीटरच्या एक-दोन दशांशात असते. तिथे तुम्ही तीन एमएमचं रबर घालणार! स्फोटाच्या दाबाने ते उडालं की जाळ थेट टाक्यांकडे. वर सुकणारं सिलिकॉन म्हणजे झाकण पुन्हा नीट बसायची बोंब.

मी सातपूरला एका पेंट शॉपमध्ये २२ वर्षं मेंटेनन्स केला. एकदा थिनर रूममधला बॉक्स उघडायला गेलो. आठ ॲलन बोल्टांपैकी पाचच जागेवर, आणि रिकाम्या एन्ट्रीत (केबल आत घ्यायच्या भोकात) चिंधी गुंडाळून ठोकलेली लाकडी खुंटी. मागच्या तपासणीच्या कागदावर सही कोणाची? माझीच. बाहेरून पाटी बघून केली होती.

तर काठ मऊ फडक्याने पुसा. कानस, पॉलिश पेपर, रंग, काही लावायचं नाही. न सुकणारं ग्रीस पातळ हाताने लावा. कंपनीची ओ-रिंग असेल तर ती स्वतःच्या खाचेत असते, कडक झाली असेल तर त्याच मेकची आणा. पण मला वाटतं पाणी झाकणातून येतच नाही. केबल वरून येते का? आणि सप्लाय बंद करून, वाफेच्या मीटरने बघितल्याशिवाय बॉक्स उघडू नका.

इन्स्ट्रुमेंटवाली:
काकांशी सहमत. टाकीतली पातळी मोजणाऱ्या लेव्हल ट्रान्समीटरची केबलही याच बॉक्समधून नाही ना नेली? टाकीच्या आत झोन ० असतो, म्हणजे वाफ कायमच असते; तिथे इंट्रिन्सिक सेफ (ठिणगी पडली तरी वाफ पेटणार नाही इतक्या कमी ऊर्जेचं सर्किट), तेही आयए या सर्वांत कडक दर्जाचं लागतं. त्याची टर्मिनलं पॉवरच्या टर्मिनलांपासून किमान ५० एमएम दूर हवीत. स्वतंत्र बॉक्स केलात तर कटकटच मिटेल.

दिंडोरीचा_वायरमन:
काका, बरोबर पकडलंत. दोन केबली वरून येतात, ग्लँड (एन्ट्रीत केबल घट्ट धरणारा भाग) सिंगल कॉम्प्रेशन, म्हणजे केबल एकाच जागी आवळणारे. एकाची रबर रिंग बोटाने दाबली तर भुगा झाला. लेव्हलची केबल वेगळी जाते, ते बरं. तिसऱ्या एन्ट्रीत खुंटी नाही, पण बॉक्स आला तेव्हाचं लाल प्लॅस्टिकचं टोपण तसंच आहे. चार वर्षं रोज बघतोय. गुरुवारी शटडाउन मिळालंय.

सातपूर_रिटायर्ड:
ते टोपण फक्त ट्रकमधल्या धुळीपुरतं असतं. सर्टिफाइड धातूचा एफएलपी प्लग घ्या आणि ग्लँड एफएलपी डबल कॉम्प्रेशनचे. जमलं तर एन्ट्री खालून करा, म्हणजे त्या एन्ट्री असलेलाच बॉक्स मागवा, जागेवर ड्रिल मारू नका. प्लग आणण्याआधी एन्ट्रीचा आटा एम २० आहे की पाऊण इंची ते बघून घ्या. चुकीचा आटाही दोन फेरे फिरतो आणि बसल्यासारखा वाटतो. पाच तरी पूर्ण आटे बसले पाहिजेत.