प्रतिसाद: काढून टाकलेली ओळ ब्लेममध्ये दिसत नाही

भाऊ, तुम्ही विचारलं की गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) जुनं फंक्शन नेमकं कोणत्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलात, काढलं गेलं ते कसं शोधायचं. वर दोघांनी ब्लेम, म्हणजे कोणती ओळ कोणत्या कमिटमध्ये बदलली ते दाखवणारी सोय, सुचवलंय. पण ब्लेम आज फाइलमध्ये असलेल्या ओळींचाच इतिहास सांगतं. जी ओळ उरलीच नाही, तिचं काय?

आम्ही नागपुरात कळमना बाजारातल्या एका अडत्यासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो. ऐन संत्र्यांच्या हंगामात बिलातून हमालीचा हिशेब गायब झाला. गिटहबच्या शोधात दुपार गेली, कारण तिथला कमिट-शोध मुख्यतः कमिटसोबत लिहिलेल्या संदेशातले शब्द पाहतो, तोही फक्त डिफॉल्ट ब्रँचवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेवर. आमच्या कमिटचा संदेश होता ‘किरकोळ दुरुस्ती’. असे संदेश लिहू नका, कळकळीनं सांगतो.

शेवटी रेपो क्लोन करून, म्हणजे सगळा कोड इतिहासासकट आपल्या संगणकावर उतरवून, गिट लॉग या इतिहास दाखवणाऱ्या कमांडला कॅपिटल एसचा पर्याय (-S) दिला आणि त्यापुढे फंक्शनचं नाव. तो शब्द फाइलमध्ये जिथे वाढला किंवा कमी झाला, तेवढेच कमिट समोर येतात. सोबत ‘ऑल’ (--all) लावलं की बाकीच्या ब्रँचही तपासल्या जातात. दोन मिनिटांत सापडलं.

शब्दच आठवत नसेल तर गिटचं बायसेक्ट: मधला कमिट तपासायचा आणि बिघाड त्याच्या आधीचा की नंतरचा ते सांगायचं. दरवेळी निम्मे कमिट बाद होतात, म्हणून 1000 कमिट असले तरी साधारण 10 तपासण्यांत दोषी हाती लागतो.

आणि तुमच्याकडे स्क्वॉश करून (अनेक कमिटचा एकच बनवून) मुख्य ब्रँचमध्ये मर्ज करत असतील, तर मूळ कमिट पुल रिक्वेस्टच्या (बदल सामील करायच्या विनंतीच्या) पानावर बघा, मुख्य ब्रँचवर ते नसणार.