सांगोल्याच्या माळावर जुळ्यांचं जनुक: आणायचं की नको?

माणकाठ (सांगोला), धागाकर्ता

सांगोला, मंगळवेढा, माळशिरस या पट्ट्यात ज्यांची मेंढरं आता बाराही महिने गावच्या शिवारातच असतात, त्यांनी फेकबी, म्हणजे जुळी देणारं जनुक असलेली मेंढी पाळावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि एडका (पैदाशीचा नर) विकत घेताना त्याची रक्ततपासणी झालेली नसेल तर एक रुपयाही देऊ नये, हे त्याहून स्पष्ट मत.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आपली दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. माडग्याळ मेंढीचंही तेच. शेजारची उस्मानाबादी शेळी सर्रास जुळी देते, म्हणून कितीतरी घरांनी मेंढरं मोडून शेळ्या घेतल्या. बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची मेंढी आहे. अंगानं लहान, मोठी झाली तरी जेमतेम 12-15 किलो, पण जुळी-तिळी देणारी. तिच्यातल्या एका जनुकात एकाच अक्षराचा बदल आहे आणि त्यामुळे माजाच्या वेळी एकाऐवजी दोन-तीन बीजांडं पक्व होतात. बंगालची मेंढरं 1792-93 च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजानं ऑस्ट्रेलियात गेली आणि तिथल्या बूरूला मेरिनो मेंढ्यांत हेच जनुक उतरलं. नेमका बदल कुठं आहे हे 2001 साली सापडलं. बीएमपीआर-1बी नावाचं जनुक, त्याच्या प्रथिनात 249 व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन. या बदललेल्या रूपालाच फेकबी म्हणतात.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं, म्हणजे 'नारी'नं, गारोळचं हे जनुक दख्खनी मेंढीत आणून 'सुवर्णा' मेंढी तयार केली. सोलापूरच्या शेजारच्या जिल्ह्यात झालेलं काम आहे. तरी सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात दहा मेंढपाळांना विचारलं तर किती जणांना ठाऊक असेल याची मला शंका आहे.

माझं म्हणणं साधं आहे. डाळिंबाच्या बागांना कुंपणं पडली, उजनीच्या पाण्यावर ऊस वाढला, वनखात्याची राखीव क्षेत्रं बंद झाली. चराईची जमीन आटत चालली आहे. मेंढ्यांची संख्या वाढवायला जागा नाही, मग आहे त्या मेंढीकडून जास्त कोकरं घेणं हाच मार्ग उरतो.

खांडवाला

माणकाठ दादा, तुमचं लिहिणं अभ्यासाचं हाय, पण तुम्ही बसून पाळणाऱ्यांचं सांगताय. आमचं फिरस्तीचं काय? दिवाळी झाली की आमची खांड बाहेर पडती ती मिरगाला परत येती. रोज मुक्काम हलतो. लहान कोकरं चालत न्हाईत, ती घोड्यावर जाळीत घालून न्यावी लागतात. घोडी हायत दोन. उद्या प्रत्येक मेंढीनं दोन-दोन दिली तर जाळी कुठं बांधू?

दुसरं, मेंढीला दूध किती? वाळल्या माळावर चरून एक कोकरू कसंबसं धष्टपुष्ट व्हतंय. दोन झाली तर दोन्ही काटकी. बाजारात व्यापारी वजनावर आणि अंगलटीवर बघतो. दोन किडकी विकून एका तगड्याएवढं पैसं येत न्हाईत. आमच्या आज्या-पणज्यांनी एकाला एकच धरून ठेवलं, ते काय उगीच न्हाई. ह्या माळानंच ते ठरवलंय.

जनुकवेडी (सोलापूर शहर)

खांडवाला मामांचं शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं आणि त्याला शास्त्रातूनही आधार आहे. हे जनुक जिथं टिकलं त्या जागा बघा. सुंदरबनात गारोळ घराच्या आसपास, लहान कळपात राहते. चीनमधल्या हू मेंढीत हे जनुक जवळपास प्रत्येक जनावरात आहे आणि ती पिढ्यान्पिढ्या गोठ्यात चारा टाकून पाळलेली जात. दररोज कोसाकोसाची चाल करणाऱ्या कळपात ते आपोआप रुजल्याचं माझ्या वाचनात नाही.

पण म्हणून ते आणूच नये, हा निष्कर्ष मी काढणार नाही. माणकाठ दादांनी रक्ततपासणीचा मुद्दा नुसता उल्लेखून सोडला, तो सविस्तर सांगते, कारण फसवणूक तिथंच होते.

प्रत्येक मेंढीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. जुळी देणाऱ्या प्रतीला 'बी' म्हणतात. दोन्ही 'बी' असलेला एडका साध्या दख्खनी मेंढ्यांवर सोडला तर होणाऱ्या प्रत्येक कोकरात एक 'बी' हमखास येते. एकच 'बी' असलेला एडका असेल तर निम्म्या कोकरांत येते, निम्म्यांत नाही. दिसायला सगळी सारखीच. एडक्याला स्वतःला तर जुळी होत नाहीत, त्यामुळे त्याच्याकडे बघून काहीच कळत नाही. 'जुळ्यातला एडका' म्हणून जास्त भावानं विकतात, त्याला तर काडीचा अर्थ नाही. चांगला खुराक मिळालेली साधी मेंढीही कधीमधी जुळी देते, आणि जनुक असलेल्या मेंढीच्या जुळ्यांतही ते एकात असू शकतं, दुसऱ्यात नसू शकतं. थोडं रक्त घेऊन पीसीआर करायचा, म्हणजे त्यातल्या डीएनएच्या भरपूर प्रती काढायच्या, मग एव्हीए-2 नावाचं विकर (एन्झाइम) घालून डीएनएचे तुकडे पाहायचे. हाच खात्रीचा रस्ता.

माणकाठ (धागाकर्ता)

ताई, नेमकं हेच. आमच्या ओळखीतल्या एकानं गेल्या हंगामात असाच 'जुळ्यातला' एडका दुप्पट भावानं घेतला. विकणाऱ्याकडे ना कागद, ना कानात बिल्ला.

खांडवाला मामा, फिरस्तीच्या खांडीला मी हे सुचवलेलंच नाही. पहिल्या ओळीत 'बाराही महिने शिवारातच' असं लिहिलंय ते याचसाठी. पण तुमच्याही घरी म्हातारी माणसं सांभाळतात अशी दहा-पंधरा मेंढरं मागं राहतात ना? शाळेच्या पोरांमुळं अर्धी घरं आता फिरतच नाहीत. त्यांच्यासाठी बोलतोय.

पशुवैद्य, मोहोळ

मी सरकारी दवाखान्यात काम करतो. जुळं म्हटलं की मला आधी आठवते ती गाभण काळातली विषबाधा. इंग्रजीत तिला जुळ्या कोकरांचा रोग असंच म्हणतात. शेवटच्या दीड महिन्यात पोटातली कोकरं झपाट्यानं वाढतात आणि आईच्या रक्तातली साखर ओढून घेतात. पोटात दोन आणि बाहेर चारा नाही, अशी गत झाली की मेंढीचं शरीर स्वतःची चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन नावाचे घातक पदार्थ साचतात. मेंढी कळपातून बाजूला उभी राहते, खात नाही, दिसत नसल्यासारखी वागते, मग बसते ती उठत नाही. बसल्यावर आमच्याकडे आणली तर फारसं काही हाती राहत नाही. तीन जीव जातात.

आता सोलापूरचं पाऊसमान डोळ्यांसमोर आणा. उन्हाळ्यात वेत आलं तर शेवटचा दीड महिना नेमका मार्च-एप्रिल-मेमध्ये सापडतो. जनुक फक्त बीजांडांची संख्या ठरवतं. ती कोकरं जगणं हे मका, पेंड, हिरवा चारा आणि जन्मल्यावर तासाभरात मिळणारा चीक यावर आहे. ज्याच्याकडे मुठभर जादा खुराकाची सोय नाही त्यानं सुवर्णा घेऊ नये, असं मी तोंडावर सांगतो.

एक गोष्ट मात्र गारोळच्या बाजूनं नोंदवायला हवी. मेंढीचं मोठं दुखणं म्हणजे पोटातले रक्त पिणारे गोल कृमी. त्यांच्यावरची औषधं दिवसेंदिवस लागू पडेनाशी होत आहेत, कारण आपण ती सरसकट आणि अर्ध्या मात्रेत पाजतो. नारीच्या अभ्यासात गारोळच्या संकरातल्या कोकरांच्या लेंडीत कृमींची अंडी दख्खनी आणि कर्नाटकातल्या बन्नूर जातीच्या कोकरांपेक्षा कमी आढळली. जुळ्यांच्या गोंगाटात हा गुण मागं पडतो. मला विचाराल तर आपल्या भागाला त्याची गरज जास्त आहे.

माडग्याळचा शिलेदार

मी पूर्ण विरोधात. जत आणि सांगोल्याच्या सीमेवरचा माणूस आहे. माडग्याळ मेंढी उंच, बाकदार नाकाची, पांढऱ्यावर तांबूस डागांची. तिची कोकरं वाढीला जोरदार असतात. एकेका एडक्याला लाखांत मागणी येते. त्यात तुम्ही 12 किलोच्या बंगाली मेंढीचं रक्त घालणार?

आणि एका गुणामागं सगळ्यांनी पळण्याचा परिणाम काय होतो ते गायींत बघा. अमेरिकेत 1962 साली जन्मलेला होल्स्टीन जातीचा एक वळू, त्याचं नाव चीफ. दुधाला इतका सरस की त्याच्या 16,000 मुली, 5 लाख नाती आणि 20 लाखांवर पणत्या झाल्या. आजच्या होल्स्टीनच्या जनुकसंचात जवळपास 14 टक्के वाटा त्या एका वळूचा. त्याच्या एपॅफ-1 जनुकाच्या एका प्रतीत दोष होता. आई आणि बाप दोन्हीकडून तो दोष आला की वासरू पोटातच मरतं. जगभरात अंदाजे 5 लाख गर्भ त्यानं गेले. कित्येक वर्षं कुणाला पत्ता नव्हता. उद्या दोन-चार सुवर्णा एडक्यांनी आख्खा सोलापूर जिल्हा भरला, तर त्यांच्यात काय दडलंय हे कोण सांगणार?

जनुकवेडी

चीफचं उदाहरण अगदी योग्य आहे, पण ते अर्धंच सांगितलंत. तो दोष सापडला तो जनुकसंशोधनामुळेच. हजारो गायींच्या डीएनएत असं दिसलं की एका विशिष्ट तुकड्याच्या दोन प्रती घेऊन जिवंत असलेलं एकही जनावर मिळत नाही. तिथून माग काढत 2016 साली नेमका बदल जाहीर झाला. आता वळू वाहक आहे का हे तपासता येतं. दूधवाढीचा फायदा सुमारे 30 अब्ज डॉलर आणि गर्भपातांचं नुकसान सुमारे 42 कोटी डॉलर, असाही हिशोब त्याच अभ्यासात आहे. गर्भ गेलेल्या गायीच्या मालकाला त्या हिशोबानं काही दिलासा मिळत नाही, हे मान्य. पण चूक झाली ती तपासणीविना एकाच वळूवर विसंबल्यामुळं.

ब्रिटननं 2001 साली स्क्रेपी या मेंढ्यांच्या मेंदूच्या रोगाविरुद्ध राष्ट्रीय योजना काढली. या रोगाशी संबंधित एडक्यांचं प्रायॉन जनुक तपासायचं आणि त्याला दाद न देणाऱ्या 'एआरआर' प्रकाराचे एडके पुढं आणायचे. तिथंही दुर्मीळ जातींच्या पाळणाऱ्यांनी तुमच्यासारखीच हरकत घेतली होती, की एका प्रकारामागं लागून जातीतलं बाकीचं वैविध्य जाईल. ती हरकत रास्त होती.

रक्ताच्या मिसळीचं मात्र वेगळं आहे. गारोळचा संकर पुन्हा दख्खनीवर, त्याची पिल्लं पुन्हा दख्खनीवर, असं करत गेलं की गारोळचा वाटा निम्मा, पाव, अष्टमांश असा घटत जातो. प्रत्येक पिढीत तपासून 'बी' असलेलीच पिल्लं पुढं ठेवायची. आकार दख्खनीचा राहतो, जनुक तेवढं येतं. इस्राएलनं त्यांच्या आसाफ मेंढीत हेच जनुक उतरवून अफेक-आसाफ तयार केली, ती काही बुटकी झाली नाही.

माडग्याळचा शिलेदार

ताई, कागदावर बरोबर आहे. पण गावात पिढ्यान्पिढ्या नोंद कोण ठेवतं? संकर एकदा बाजारात उतरला की कुणी सातबारा बघून मेंढी लावत नाही. शुद्ध माडग्याळचे कळप आधी राखून ठेवा, नोंद करा, मग बाकीचं. माझं मत बदललेलं नाही.

रानातली सून (मंगळवेढा)

सगळे दादा-मामा एडक्यावर बोलताहेत. दुसरं कोकरू आईजवळ पुरेसं दूध नाही म्हणून बाटलीवर आलं, तर ते पाजायचं कुणी? पहाटे, दुपारी, रात्री, दिवसातून चार-पाच वेळा. शेळीचं दूध गरम करून, बाटली धुऊन. आमच्या घरात ते काम माझ्याकडे आणि सासूबाईंकडे येतं. कोकरू विकल्यावर पैसा दुसऱ्याच्या खिशात जातो.

मी विरोधात नाही. घराजवळ बांधलेल्या मेंढरांत जुळी आली तर मला आवडेल, कारण ती माझ्या नजरेखाली असतात. पण मेंढी घ्यायची की नाही हे ठरवताना आम्हाला विचारा. आणि योजना आणायचीच तर मेंढी बाईच्या नावावर द्या. खुराकाचा हिशोब आम्हीच करतो.

पशुवैद्य, मोहोळ

या ताईंचं म्हणणं मी रोज बघतो. दवाखान्यात मेंढी घेऊन पुरुष येतो आणि 'कधीपासून खात नाही' विचारलं की घरी फोन लावतो. जुळ्यांचा प्रयोग कुठं टिकेल, कुठं नाही, हे त्या बाटलीवर ठरणार.

माणकाठ (धागाकर्ता)

ताई, नावावर देण्याचा मुद्दा मला शंभर टक्के पटला.

शिलेदार, माडग्याळच्या शुद्ध कळपांची नोंद आधी व्हावी, यात आपलं भांडण नाही. सुवर्णा दख्खनी कळपांपुरतीच ठेवू. माझी मागणी आता नेमकी सांगतो. सांगोला तालुक्यात महूदला मेंढी-शेळी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. तिथं रक्ताचे नमुने घेण्याची सोय व्हावी आणि तपासलेल्या प्रत्येक एडक्याच्या कानात क्रमांकाचा बिल्ला असावा. एकच एडका सगळ्या गावांत फिरू नये, दर दोन वर्षांनी अदलाबदल व्हावी, म्हणजे बाप स्वतःच्याच लेकींवर लागणार नाही. पहिल्या दोन वर्षांत फक्त अशीच घरं घ्यावीत ज्यांच्याकडे हिरव्या चाऱ्याचा तुकडा आणि पाणी आहे. आणि वजन जन्माचं नको, तीन महिन्यांचं लिहावं, दोन्ही कोकरांचं मिळून. खांडवाला मामांच्या 'दोन किडकी' या आक्षेपाला उत्तर त्याच आकड्यात मिळेल, माझ्या बोलण्यात मिळणार नाही.

खांडवाला

हे बरोबर बोलला. तीन महिन्याचं वजन दाखवा, मग बोलू. तोवर माझ्या खांडीत मी घालणार न्हाई. घरच्या मेंढरांचं काय करायचं ते आईला आणि बायकोला इचारतो. आणि बाजारात कुणी जुळ्याचा एडका म्हणून गळ्यात मारायला आला तर आधी बिल्ला आन् तपासणीचा कागद मागीन, एवढं ह्या चर्चेतनं घेतलं.