वावराचे दोन तुकडे झाल्यावर काय?

शक्तिपीठ महामार्गाला विरोध म्हणजे विकासाला विरोध, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. वर्ध्याजवळचं पवनार ते गोव्याच्या सीमेवरची पत्रादेवी हा ८०० किलोमीटरहून लांब नियोजित रस्ता आमच्या वर्धा-यवतमाळातूनच निघतो. जमीन, झाडं, विहीर यांचा मोबदला मिळेलही. पण वावर मधोमध कापलं, विहीर इकडे अन् पऱ्हाटी (कपाशी) तिकडे राहिली, तर पाइप न्यायचा कुठून? पांदण, म्हणजे वावरात जायची वाट, तुटली की बैलबंडीला पुढच्या भुयारी मार्गापर्यंत फेरा. त्यात आपली काळी माती. रस्त्याच्या भरावानं नाल्याचं पाणी अडलं की वावरात तुंबून राहतं, तुरीची मुळं सडतात. पाणी जायला रस्त्याखाली मोऱ्या किती अन् कुठं, हे म्हणूनच आधी विचारायला हवं.

जंगलाचंही तेच. नागपूर-सिवनी (मध्य प्रदेश) दरम्यान पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी मार्ग झाले, ते वन्यजीवप्रेमी कोर्टात गेले म्हणून. आज तिथून वाघ, रानकुत्रे जाताना कॅमेऱ्यात दिसतात. लोक गप्प बसले असते तर हे झालं नसतं.

मोजणीआधी गटवार नकाशा ग्रामसभेत लावा, नाले-पांदणींसकट. एवढं मागणाऱ्यांना विकासविरोधी म्हणू नका.