अवयवांची पेटी: बर्फ वाढवून वेळ का वाढत नाही

प्रत्यारोपणासाठी दात्याचे हृदय बर्फाच्या पेटीतून दुसऱ्या शहरात नेतात. त्या पेटीत बर्फ वाढवला तर हृदय आणखी दूर नेता येणार नाही का, असा प्रश्न पडू शकतो. मुळात अवयव बर्फाला टेकू दिलाच जात नाही. थंड द्रावणाने आतील रक्त धुऊन काढल्यावर तो एकात एक घातलेल्या निर्जंतुक पिशव्यांत ठेवतात आणि मगच बर्फाच्या पेटीत. तो गोठला तर पाण्याच्या स्फटिकांनी पेशी फाटतात.

४ अंश सेल्सियसच्या आसपास पेशींची ऊर्जेची गरज सुमारे दहाव्या हिश्श्यावर येते, पण संपत नाही. शिवाय थंडीत पेशीतले सोडियम बाहेर टाकणारा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावल्याने सोडियम आणि त्यामागोमाग पाणी आत शिरून पेशी फुगतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८० च्या दशकात बेल्झर आणि साउथर्ड या संशोधकांनी तयार केलेल्या द्रावणात लॅक्टोबायोनेट व रॅफिनोज हे पेशीत सहज न शिरणारे रेणू आहेत, ते ही सूज रोखण्यासाठीच. मला हा शोध विमानाच्या वेगाइतकाच मोलाचा वाटतो.

तरीही हृदयाला साधारण ४ ते ६ तास, यकृताला सुमारे १२ आणि मूत्रपिंडाला २४ किंवा अधिक तास मिळतात. म्हणूनच अवयव नेणाऱ्या रुग्णवाहिकेसाठी वाहतूक थांबवून रस्ता मोकळा करतात, त्याला ग्रीन कॉरिडॉर म्हणतात; इंदूरला २०१५ पासून ते होत आहेत. तेव्हा रस्त्यावर थांबावे लागलेल्या प्रत्येकाने हे जाणावे की, घड्याळ रुग्णवाहिका निघाल्यावर नव्हे, दात्याच्या शरीरात त्या अवयवाचा रक्तपुरवठा थांबतो तेव्हाच सुरू झालेले असते, आणि दुसऱ्या शहरात नव्या शरीरातले रक्त त्यात वाहू लागेपर्यंत ते चालूच राहते.