पेढ्यांची ऑर्डर थांबवा

प्रेषक: केदार (कार्यकारिणी)
दि. ६ नोव्हेंबर २०२४, सकाळी ७.१०
विषय: अभिनंदन!!

नमस्कार मंडळी,

काल रात्री झोपण्यापूर्वी काउंटीच्या निवडणुकीच्या साइटवर बघितलं. आपल्या माजी खजिनदार शाळांचा कारभार बघणाऱ्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत २१२ मतांनी पुढे आहेत, म्हणजे निवडून आल्यातच जमा. १६ तारखेच्या दिवाळी कार्यक्रमात त्यांचा सत्कार करू या. शाल-श्रीफळ माझ्याकडे लागलं, पाच किलो पेढ्यांची ऑर्डर आज देतोय. कार्यक्रमपत्रिका छापायला जातेय, तिच्यात ‘नवनिर्वाचित सदस्या’ असं टाकतो. कोणाची हरकत?

केदार

* * *

प्रेषक: सुलभा
दि. ६ नोव्हेंबर, सकाळी ९.४५
विषय: उत्तर: अभिनंदन!!

केदार,

हरकत माझी आहे. पेढे थांबव.

गेल्या तीन निवडणुका मी मतदान केंद्रावर काम केलंय, त्यामुळे थोडं लांबण लावते. काल आठनंतर जो पहिला आकडा आला तो केंद्रावरच्या मतांचा नव्हता. ऑक्टोबरातच ज्यांनी पाकीट पाठवून दिलं त्यांची ती मतं. कॅलिफोर्नियात मतपत्रिका घरी येते, तीही जवळपास महिनाभर आधी. लवकर परत आलेल्या पाकिटांच्या सह्या तपासून मतपत्रिका बाहेर काढून ठेवायचं काम आधीच चालू असतं, फक्त मतदान संपेपर्यंत आकडा सांगायचा नसतो. म्हणून आठ वाजून गेले की एवढा मोठा गठ्ठा एकदम दिसतो आणि लोकांना वाटतं, निकाल लागला.

काल ज्यांनी ड्रॉप बॉक्समध्ये पाकीट टाकलं (आमचे हे दर वेळी पावणेआठला धावतात), त्यांची मतं अजून मोजलेलीच नाहीत. टपालाचं तर त्याहून पुढचं. ५ नोव्हेंबरचा किंवा त्याआधीचा शिक्का असेल आणि पाकीट १२ तारखेपर्यंत पोचलं, तर ते धरावंच लागतं. मग ऐन दिवशी नाव नोंदवून दिलेली मतं आणि प्रोव्हिजनल, म्हणजे नोंदीची खात्री नसताना तात्पुरती घेतलेली मतं. त्यांतल्या प्रत्येकाची नोंद तपासल्याशिवाय ते पाकीट उघडत नाहीत. ज्या मतपत्रिका फाटल्यात किंवा ज्यांच्यावर चहा सांडलाय, त्या यंत्र वाचत नाही. दोघं जण समोरासमोर बसून त्यांची नवी प्रत तयार करतात.

उद्या गुरुवारपासून अधिकृत पडताळणी सुरू होईल. किती जणांनी मत दिल्याची नोंद आहे आणि किती मतपत्रिका हाती आहेत, याचा मेळ घालायचा. एक टक्का मतदान केंद्रं सोडत काढून निवडायची, त्यांची मतं हातांनी मोजायची आणि यंत्राच्या आकड्याशी ताडून बघायची. हे सगळं उघड चालतं, कोणीही जाऊन बघू शकतं. मी गेलेय. कंटाळवाणं असतं, आणि तसंच असावं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रजिस्ट्रार, म्हणजे काउंटीचा निवडणूक अधिकारी, सही करेल तेव्हा निकाल लागला म्हणायचं. टीव्हीवाले कोणाला ‘विजयी’ म्हणतात, याला कायद्यात काडीची किंमत नाही.

आणखी एक. आपलं मंडळ करमुक्त संस्था आहे, एखाद्या उमेदवाराच्या बाजूने उभं राहायची आपल्याला मुभा नाही. निवडून आल्यावर सत्कार करणं वेगळं. पण मोजणी चालू असताना पत्रिकेत ‘नवनिर्वाचित’ छापणं मला बरं दिसत नाही.

सुलभा

* * *

प्रेषक: मोघेकाका
दि. ६ नोव्हेंबर, दुपारी १.२०
विषय: उत्तर: उत्तर: अभिनंदन!!

सुलभा, तू म्हणतेस ते समजलं, पण पटलं नाही. जूनमध्ये आपल्याकडे लोकसभेची चौसष्ट कोटी मतं एका दिवसात मोजली. सकाळी आठला पेट्या उघडल्या, आधी टपाली मतं, मग यंत्रं, आणि रात्रीपर्यंत खासदारांच्या हातात प्रमाणपत्र. मुंबई उत्तर-पश्चिमला वायकर ४८ मतांनी आले, तिथेसुद्धा त्याच रात्री निकाल. आणि इथे एका शाळेच्या बोर्डाला महिना? जगाला कॉम्प्युटरच्या चिप्स विकणारी माणसं तुम्ही!

मोघे

* * *

प्रेषक: सुलभा
दि. ६ नोव्हेंबर, रात्री १०.०५

काका, मोजणी एका दिवसात झाली, पण थांबायचं तिथेही होतंच. पहिला टप्पा १९ एप्रिलला, शेवटचा १ जूनला. पहिल्या टप्प्यातल्या लोकांची मतं दीड महिना स्ट्राँगरूममध्ये कुलूपबंद होती. तिकडे आधी थांबतात आणि मग मोजतात, इकडे मोजता मोजता थांबतात. आणि मोजणी सुरू झाल्यावर पोचलेलं टपाली मत तिकडे घेतच नाहीत. इथे शिक्का वेळेवरचा असला की घेतात.

शिवाय तिकडे मतदाराला एकच बटण दाबायचं असतं. आमच्या मतपत्रिकेवर या वेळी राष्ट्राध्यक्षापासून पाणीपुरवठा मंडळापर्यंत सगळे होते.

* * *

प्रेषक: प्राजक्ता
दि. ९ नोव्हेंबर, सकाळी ११.३०
विषय: आईच्या सहीचं पत्र

सुलभाताई, तुम्हाला वेगळी मेल करणार होते, पण इतरांनाही उपयोग होईल म्हणून इथेच विचारते. आईला काउंटीकडून पत्र आलंय की पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही. आई घाबरली आहे, तिला वाटतंय आपण काही गुन्हा केला. झालं असं की लायसन्सवर तिची सही इंग्रजीत आहे. या वेळी तिने पाकिटावर मराठीत केली, पूर्ण नाव, वर शिरोरेघ देऊन. म्हणाली, नागरिक झाल्यानंतरचं पहिलंच मत आहे, आपल्या अक्षरात सही करू दे. आता ते मत गेलं का?

* * *

प्रेषक: सुलभा
दि. ९ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

अजिबात गेलेलं नाही. आईंना सांग, गुन्हा-बिन्हा काही नाही. सही मतदाराचीच आहे असं धरूनच तपासणी सुरू होते, आणि नाकारायची झाली तर ती जुळत नाही हे आणखी दोन कर्मचाऱ्यांना स्वतंत्रपणे पटावं लागतं. त्यानंतरच हे पत्र येतं. पत्रासोबतच्या फॉर्मवर सही करून दिलेल्या तारखेच्या आत परत पाठवा. टपालावर भरवसा नको, स्वतः जाऊन दे. फॉर्मवर सही मात्र लायसन्ससारखी करायला सांग, मराठीतली पुढच्या वेळी. फॉर्म गेला नाही तर त्यांचं मत मोजलं जाणार नाही, हे खरं.

आणि मंडळी, आपापल्या घरचं टपाल बघा. हे पत्र पिझ्झाच्या कुपनांत सहज हरवतं. आघाडी आता ६१ वर आली आहे.

* * *

प्रेषक: ओंकार
दि. ९ नोव्हेंबर, दुपारी ४.४०

मी एच-वन व्हिसावर आहे, मुलगी इथल्याच शाळेत दुसरीत. माझ्या ऑफिसातला एक जण म्हणतो, शाळेच्या निवडणुकीत नागरिक नसलेलेही मत देऊ शकतात. खरं आहे का?

* * *

प्रेषक: सुलभा
दि. ९ नोव्हेंबर, रात्री ९.१०

ओंकार, तो सॅन फ्रान्सिस्को शहराबद्दल बोलत असणार. तिथे २०१६च्या प्रस्ताव ‘एन’मुळे मुलांचे पालक नागरिक नसले तरी स्कूल बोर्डासाठी मत देऊ शकतात, २०१८पासून. मध्ये एका न्यायालयाने ते रद्द केलं होतं, २०२३मध्ये वरच्या न्यायालयाने पुन्हा वैध ठरवलं. त्यांची नोंदणी वेगळी असते आणि मतपत्रिकेवर एवढी एकच निवडणूक असते. आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये हे नाही. इथे चुकूनही नाव नोंदवू नकोस, पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी भोवेल. आणि कधी सॅन फ्रान्सिस्कोला राहायला गेलास, तरी आधी वकिलाला विचार.

* * *

प्रेषक: मोघेकाका
दि. १० नोव्हेंबर, सकाळी ६.५०

तू म्हणतेस, रजिस्ट्रारने सही केली की तो निकाल. ती सहीच चुकली तर?

* * *

प्रेषक: सुलभा
दि. १० नोव्हेंबर, दुपारी ३.३०
विषय: उत्तर: ती सहीच चुकली तर

काका, नेमकं तेच ओकलंडला घडलंय, आपल्यापासून अर्ध्या तासावर.

२०२२मध्ये तिथल्या स्कूल बोर्डाच्या चौथ्या प्रभागात तीन उमेदवार होते: निक रेझनिक, पिकोलिया मॅनिगो आणि माइक हचिन्सन. ओकलंडला पसंतीक्रमाने मतदान होतं. पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर सगळ्यांत शेवटचा बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. मोजणीत हचिन्सन तिसरे आले, बाद झाले, आणि शेवटी रेझनिक जिंकले. रजिस्ट्रारने निकाल प्रमाणित केला, सगळे नाताळच्या तयारीला लागले.

डिसेंबरच्या शेवटी काउंटीनेच कळवलं की मोजणी चुकली. यंत्र बिघडलं नव्हतं, कोणी पेटी पळवली नव्हती. काही मतदारांनी पहिल्या पसंतीचा रकाना कोरा ठेवून दुसऱ्यात नाव रंगवलं होतं. नियम असा की पहिला रकाना कोरा असेल तर दुसरी पसंती तिथल्या तिथे वर सरकवून पहिली धरायची. सॉफ्टवेअरमध्ये मात्र दुसराच पर्याय निवडलेला होता. त्यामुळे या मतपत्रिका पहिल्या फेरीत बाजूला राहिल्या आणि नंतरच्या फेरीत आत आल्या. तोवर हचिन्सन बाद! मतपत्रिका थोड्याच होत्या, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेतलं अंतरही तेवढंच चिमुकलं होतं. नियमाप्रमाणे मोजल्यावर मॅनिगो तिसऱ्या आल्या, त्यांची मतं वाटली गेली आणि हचिन्सन जिंकले.

ही चूक काउंटीला आपण होऊन सापडली नाही. पसंतीक्रमाच्या पद्धतीसाठी काम करणाऱ्या संघटनांनी आकडे चाळले आणि विचारलं. तोवर फेरमोजणी मागायची मुदत संपलेली. प्रमाणित झाल्यावर पाच दिवसच मिळतात, आणि मागणाऱ्याला दर दिवसाचा खर्च आधी भरावा लागतो, निकाल फिरला तरच पैसे परत. प्रमाणित निकाल फिरवणं आता रजिस्ट्रारच्या हातात नव्हतं, म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. रेझनिकनी जानेवारी २०२३मध्ये शपथ घेतली, फेब्रुवारीत राजीनामा दिला, मार्चमध्ये न्यायाधीशांनी हचिन्सनना विजयी ठरवलं. मला रेझनिकचंही वाईट वाटलं. त्यांनी काय चूक केली होती?

आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये पसंतीक्रम नाही, त्यामुळे ही भानगड इथे होणार नाही. दुसरी काही होऊ शकते.

सुलभा

* * *

प्रेषक: मोघेकाका
दि. १० नोव्हेंबर, रात्री ८.१५

वाचून हसू आलं. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघाच्या मोजणीला मी टेबलावर बसलो आहे. आमचा नियम बरोबर उलटा! ‘१’ हा आकडा नाही तर मतपत्रिका सरळ बाद. दोन लिहा, तीन लिहा, उपयोग नाही. आकड्याऐवजी बरोबरची खूण केली तरी बाद. केंद्रावर दिलेलं जांभळं पेन सोडून स्वतःचं पेन वापरलं तरी बाद. आणि मतदार कोण, तर सगळे शिक्षक! जन्मभर पोरांना ‘प्रश्न नीट वाचा’ सांगणारे. बाद मतांचा गठ्ठा बघून आमच्या मुख्याध्यापकांनी कपाळावर हात मारला होता.

म्हणजे ओकलंडच्या त्या मतपत्रिका माझ्या टेबलावर आल्या असत्या तर मी टोपलीत टाकल्या असत्या, आणि तेही नियमाला धरून. माझी हरकत मागे घेतो. फक्त एक सांग, समान मतं पडली तर?

* * *

प्रेषक: सुलभा
दि. ११ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

चिठ्ठी, काका. स्कूल बोर्डच दोघांना बोलावून सोडत काढतं. दुसरा पर्याय पुन्हा निवडणुकीचा, पण तसं बोर्डाने निवडणुकीच्या आधीच ठरवून ठेवलेलं असावं लागतं. तुम्हाला आठवत असेल, २०१७मध्ये मुंबई महापालिकेत अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर यांना सारखीच मतं पडली होती आणि चिठ्ठीवर शहा आले. तसंच.

* * *

प्रेषक: केदार (कार्यकारिणी)
दि. १४ नोव्हेंबर, रात्री ११.३०
विषय: स्टिकर

मंडळी,

आजची आघाडी ३७. सत्काराचा कार्यक्रम पुढे ढकलला आहे, तारीख डिसेंबरात कळवतो. खुद्द खजिनदारबाईंचाही मघाशी फोन आला होता, त्याही हेच म्हणाल्या, जरा जास्तच जोरात.

प्राजक्ताच्या आईंचा फॉर्म मंगळवारी मीच काउंटीच्या ऑफिसात नेऊन सोडला, पोच घेतली आहे.

पेढ्यांची ऑर्डर रद्द होत नाही म्हणाले, तेव्हा ते दिवाळीचे म्हणून वाटू. खरी अडचण पत्रिकेची आहे. सुलभाताईंची पहिली मेल मी वाचली तेव्हा फाइल छापखान्यात गेलेली होती. २०० प्रतींवर ‘नवनिर्वाचित’ आहे. कोरे पांढरे स्टिकर आणले आहेत. उद्या संध्याकाळी सात वाजता माझ्या घरी चिकटवायला कोण कोण येतंय? चहा आणि उरलेल्या चकल्या आहेत.

केदार